राघूदादांच्या नावेला पाडलेलं भोक

इंजिन बंद असलं की कागद स्वच्छ यायचा. इंजिन चालू केलं की सगळा काळा.

भाटघर धरणाच्या पाण्यावर, एका लाकडी नावेत, मी मांडीवर यंत्राची पेटी घेऊन बसलो होतो. मागे राघूदादा गायकवाड इंजिनाचा दांडा धरून बसले होते. नाव त्यांचीच. ते माझ्याकडे बघत होते आणि मी कागदाकडे.

"काय म्हनतंय मशीन?" त्यांनी विचारलं.

"काही म्हणत नाही. नुसतं बोंबलतंय."

"मग इंजान बंद करू?"

"करा."

इंजिन बंद झालं. नाव सरकत सरकत थांबली. कागदावर पुन्हा तळाची जाड, स्वच्छ रेघ उमटायला लागली. पण मासे शोधायचे तर नाव चालवावी लागते. एवढं मोठं धरण वल्ह्यांनी कोण पालथं घालणार?

हे सत्तरच्या दशकातलं. मोठा दुष्काळ सरून धरणं पुन्हा भरली होती. मी पुण्यात एका लहानशा इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत टेक्निशियन होतो. आम्ही ॲम्प्लिफायर दुरुस्त करायचो आणि परदेशातून आलेली यंत्रं गिऱ्हाइकाकडे बसवून द्यायचो. त्यातलंच हे एक, इको साउंडर. समुद्रावरच्या बोटींना ते असायचं. धरणातल्या नावेवर आम्ही ते पहिल्यांदाच बसवत होतो.

यंत्राचे दोन भाग असतात. एक पेटी, जिच्यात कागदाची गुंडाळी सरकत असते आणि एक सुई त्या कागदावर जळकी खूण उमटवत जाते. चालू असताना चांगला करपलेला वास येतो. दुसरा भाग म्हणजे ट्रान्सड्यूसर. खोबऱ्याच्या वाटीएवढा जड पितळी डबा. तो पाण्यात राहतो. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही असा आवाजाचा ठोका तो खाली सोडतो. ठोका तळावर आपटून परत येतो. किती वेळाने आला त्यावरून खोली कळते. मध्ये मासा आला तर त्याच्यावरूनही थोडा आवाज परततो आणि कागदावर छोटी कमान उमटते. तत्त्व एवढंच.

आता भानगड काय होती ते सांगतो. आवाज पाण्यातून छान जातो, पण हवेचा बुडबुडा आडवा आला की तिथूनच मागे फिरतो. मी ट्रान्सड्यूसर नावेच्या मागच्या फळीला, इंजिनाशेजारी लावला होता. कॅटलॉगात तसंच चित्र होतं. पण चित्रातली बोट गुळगुळीत होती. राघूदादांची नाव जाड फळ्यांची, वर डांबराचे थर चढलेली. ती पळायला लागली की तळाखालून बुडबुड्यांचा फेस मागे यायचा आणि नेमका ट्रान्सड्यूसरवरून जायचा. मी तो खाली सरकवला, बाजूला सरकवला, कलता केला. कागद काळा तो काळाच.

काठावर राघूदादांच्या पत्नी सोनाबाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. आम्ही वल्हवत परत आलो तशा त्या म्हणाल्या, "गेलं तवा इंजान, आलं तवा वल्हं. मशीन बसवलं का काढलं?"

त्यांचा प्रश्न खोचक होता, पण त्यात काळजीही होती. काठावरच्या गावांतल्या काही कुटुंबांनी मिळून मच्छीमार सोसायटी काढली होती. धरणात कटला आणि रोहूचं बीज सोडलेलं होतं. मासे वाढले होते, पण खोल पाण्यात. सोसायटीची माणसं काठाकाठाने मासेमारी करत. आत जाळं टाकलं की पाण्याखालची जुनी खोडं आणि पडक्या भिंती ते फाडून टाकायच्या. बाहेरचा एक मोठा ठेकेदार टपून होता. त्याचं म्हणणं, ह्यांना जमत नाही, धरण मला द्या. मत्स्य खात्याच्या साहेबांनी सोसायटीला एक संधी दिली होती. इंजिन तात्पुरतं दिलं होतं आणि आमच्याकडून हे यंत्र चाचणीसाठी मागवलं होतं. थोड्याच दिवसांत ते स्वतः बघायला येणार होते. खोल पाण्यातले मासे दिसले नाहीत, तर ठेका जाणार होता.

हे सगळं मला इथे आल्यावर कळलं. पुण्याहून निघालो तेव्हा माझ्या लेखी ते एक साधं इन्स्टॉलेशन होतं. यंत्राला लागणारी जड बॅटरी एसटीत घेऊ द्यायला कंडक्टर तयार नव्हता, ॲसिड सांडेल म्हणून. शिवऱ्याच्या एका म्हाताऱ्या बाबांनी ती पायांत धरून ठेवली तेव्हा कुठे गाडी हलली. ते उतरल्यावर कामथडीच्या एका बाईंनी तीच बॅटरी आपल्या पाटीशेजारी ओढून घेतली. कोण कुठली माणसं, पण भोरपर्यंत बॅटरी तिरपी झाली नाही.

दुसरा उपाय म्हणजे पाइप. नावेच्या कडेला उभा पाइप बांधायचा आणि त्याच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर लावायचा, म्हणजे तो इंजिनापासून लांब, फेसाच्या बाहेर राहतो. भोरच्या वेल्डिंगवाल्याकडून क्लॅम्प करून आणला. राघूदादांनी पाइप आडव्या फळीला काथ्याने असा आवळला की तो नावेचाच भाग वाटावा.

सकाळी आम्ही निघालो. इंजिन चालू, नाव चालू, आणि कागदावर तळ दिसायला लागला! उतार दिसला. मग एक सपाट पट्टा, आणि पट्ट्याच्या वर तरंगत्या दोन-तीन कमानी.

"राघूदादा, मासे!"

"कुठं? कुठं?" ते दांडा सोडून वाकून बघायला लागले.

तेवढ्यात पाइप खाली कशाला तरी अडकला.

दिवाळी होऊन गेली होती, पाणी उतरायला लागलं होतं. एक जुनं खोड पाण्याच्या थोडंच खाली उभं होतं. पाइप त्याला थटला, नाव जागच्या जागी गर्रकन फिरली आणि एका अंगावर कलली. पेटी मी दोन्ही हातांनी फळीखाली रेटली. स्वतःला धरायला हात उरला नाही. मी पाण्यात गेलो.

मला पोहता येत नव्हतं. हे मी कंपनीत कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. थंडगार पाणी नाकातोंडात गेलं. वर उजेड दिसत होता आणि तो लांब जात होता. मग माझ्या कॉलरला हिसका बसला. राघूदादांनी एका हाताने नावेची कड धरली होती आणि दुसऱ्या हाताने मला. त्यांनी मला पोत्यासारखं आत ओढून घेतलं आणि पालथं घातलं. खोकून खोकून मी रिकामा झालो.

"पवता येत न्हाई व्हय?"

मी मान हलवली.

"मग कशाला आलासा हितं?" म्हणाले, आणि अंगातला कोरडा सदरा काढून माझ्या अंगावर टाकला. स्वतः उघडे बसले.

ट्रान्सड्यूसर केबलला लोंबकळत होता. पाइप वाकला होता. पेटी मात्र कोरडी होती.

घरी सोनाबाईंनी चुलीपुढे बसवलं. गुळाचा चहा दिला, ज्वारीची भाकरी आणि वाटलेली चटणी दिली. राघूदादांचं धोतर नेसून मी जेवलो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, खाली शेळीची दोन करडं. आई गेल्यापासून मला कोणी असं समोर बसून वाढलं नव्हतं. मी कपडे वाळायची वाट बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आता पुण्याला कंपनीत काय सांगू.

"आता पाइप न्हाई," राघूदादा म्हणाले. "दुसरा काय उपाय हाय का?"

एक उपाय होता. मी तो मुद्दाम काढला नव्हता.

"नावेच्या तळाला भोक पाडायचं," मी म्हणालो. "पुढच्या अंगाला, तळाच्या मधोमध जाणाऱ्या वाशाच्या शेजारी. तिथे पाणी स्वच्छ असतं, फेस नसतो. ट्रान्सड्यूसरची नळी खालून आत घ्यायची आणि आतून नट आवळायचा. मोठ्या बोटींना असंच करतात. तळातून जरासाच बाहेर राहतो, खोडाला थटायची भीती कमी."

सोनाबाईंनी चुलीतलं लाकूड उगाच मागे-पुढे केलं.

ती नाव राघूदादांच्या वडिलांनी करून घेतलेली. तिच्यातून नुसती मासेमारी होत नव्हती. पलीकडच्या वाड्यांतून दुधाच्या किटल्या तिच्यातून यायच्या, मेंढरं यायची, अडलेली बाळंतीण भोरच्या दवाखान्यात न्यायची तरी तीच. आणि मी, ज्याला पोहता येत नाही, तिच्या तळाला भोक पाडा म्हणत होतो.

मी भोरच्या पोस्टात जाऊन पुण्याला ट्रंक कॉल लावला. आमचे साहेब लिमये. लाइन खरखरत होती, त्यामुळे मला ओरडावं लागलं आणि अख्ख्या पोस्टाने ते ऐकलं.

"सर, तळाला भोक पाडावं लागेल!"

"कशाच्या?"

"नावेच्या!"

मग साहेब म्हणाले, "तू बरा आहेस ना? आवाज बसलाय."

मी पाण्यात पडल्याचं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "पोहता येत नाही हे मला आधी सांगायचं. चूक माझी, मी विचारायला हवं होतं. आता नीट ऐक, सातपुते. भोक पाडायचं तर पाड. काही बिघडलं तर जबाबदारी कंपनीची, म्हणजे माझी. पण मालकाने स्वतः हो म्हटलं पाहिजे. तू गळ घालायची नाही. नाही म्हणाले तर यंत्र उचल आणि ये. तुला कोणी बोलणार नाही."

त्या काळात हाताखालच्या माणसाशी असं बोलणारे साहेब थोडे होते. मला ते मिळाले.

परत आलो तेव्हा राघूदादांच्या अंगणात सोसायटीची माणसं जमली होती. चेअरमन मारुतराव तापले होते.

"राघू, येडा झाला का? साऱ्या गावाची नाव हाय ती. उद्या बुडाली म्हंजे?"

"नाव माझी हाय, मारुतराव."

"ठेका सोसायटीचा हाय."

"म्हनूनच तर," राघूदादा म्हणाले.

मी लिमये साहेबांचं बोलणं सगळ्यांना जसंच्या तसं सांगितलं. मी गळ घालणार नाही, हेही सांगितलं. राघूदादांनी सोनाबाईंकडे बघितलं.

"म्या काय सांगू?" त्या म्हणाल्या. "पाडायचं तर पाडा. पर पयल्यांदा पान्यात सोडाल तवा म्या बसनार आत. हे सायेब बी बसतील."

"मी?"

"तुमीच. तुमी बसनार नसाल तर भोक कशाला पाडता?"

लोक हसले. राघूदादा माझ्याकडे वळले. "म्या तुमाला पान्यातनं वर काढलं. आता तुमी माझी नाव पान्यावर ठिवा. झालं."

एवढ्यावर ठरलं. सही नाही, कागद नाही.

नाव काठावर ओढून उपडी केली. भोरहून बाबू सुतार आले. जागा मी खडूने आखली. मग पुन्हा मोजली आणि पुन्हा एकदा. बाबू सुतार गिरमिट हातात घेऊन शांतपणे थांबून राहिले. "मनाची खात्री झाली का सांगा," म्हणाले.

गिरमिट फिरायला लागलं तेव्हा राघूदादा उठून पाण्याकडे गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. लाकडाचा भुगा पडत होता. आतून लाकूड अजून लालसर, निकोप होतं. मग आरपार उजेड दिसला.

ट्रान्सड्यूसरचं तोंड सरळ खाली पाहिजे. नावेचा तळ मात्र दोन्ही बाजूंना चढता असतो. तसाच बसवला तर ठोका तिरपा जातो आणि तळ नीट दिसत नाही. म्हणून मधे एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ असा सागवानी ठोकळा घालावा लागतो. तो बाबूंनी पटाशीने घडवला. मी पाण्याच्या लेव्हलने तपासायचो, ते कानस मारायचे. असं बराच वेळ चाललं. मग पाणी झिरपू नये म्हणून नळीला सूत गुंडाळून सफेदा लावला, नाव कलती केली, आतून वायसर घातलं आणि नट आवळायला घेतला. बाबूंनी माझा हात धरला.

"बास. ठोकळ्याचं लाकूड अजून सुकं हाय. पान्यात फुगंल. आत्ताच गच्च कराल तर फळी तडकंल."

मला ते पटलं. फेरा-दीड फेरा मोकळा ठेवला.

नाव पाण्यात गेली. सोनाबाई पदर खोचून आत बसल्या, बरोब्बर नटाशेजारी, हातात फडकं घेऊन. मी समोर बसलो. राघूदादांनी वल्ह्याने नाव ढकलली. नटाच्या कडेने पाणी झिरपायला लागलं. थेंब, मग बारीक धार.

"सायेब, गळतंय," सोनाबाई म्हणाल्या. आवाज एकदम साधा, घरातला माठ गळतोय म्हणावं तसा.

"थोडं गळणार. लाकूड फुगलं की थांबेल."

"थांबंल ना?"

"थांबेल," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फडकं पिळून पुन्हा नटाभोवती दाबलं. मी कितीतरी मोठ्या माणसांबरोबर काम केलं. पण माझ्या कामावर कोणी इतकं जवळ बसून विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही.

नाव काठाजवळ बांधून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नटाभोवती ओलसुद्धा नव्हती. मी नट आवळला आणि मग पुष्कळ वेळ तिथेच हात ठेवून बसलो.

इंजिन चालू केलं. कागदावर तळ आला, इंजिन चालू असताना. बुडबुडे नाहीत. फक्त बारीक टिपक्यांच्या रांगा येत होत्या. ती इंजिनाच्या स्पार्कची गडबड होती. केबल इंजिनापासून दूर, दुसऱ्या कडेने फिरवली आणि तिच्यावर तारेच्या जाळीचं वेष्टण चढवलं. टिपके गेले.

उरला गेन. गेन म्हणजे यंत्राचा कान किती तिखट ठेवायचा ते ठरवणारं बटन. मी तो जास्त ठेवला होता, काही सुटू नये म्हणून. कागदावर सगळीकडे खुणा दिसल्या. मारुतरावांनी उत्साहाने जाळं टाकलं आणि ते खोडात अडकून फाटलं. त्यांनी फाटकं जाळं गुंडाळलं आणि विचारलं, "पुन्यांदा कुठं टाकू?"

मी गेन कमी केला. मग फरक दिसायला लागला. खोडाची खूण तळाच्या रेघेला चिकटलेली असते, तळातूनच वर आल्यासारखी. माशाची खूण तळापासून सुटलेली, अधांतरी. आम्ही त्या पट्ट्यावरून पुन्हा पुन्हा गेलो. खोडांच्या जागी मारुतरावांनी दोरीला रिकामे डबे बांधून सोडले. खोडांच्या मधे एक मोकळी गल्ली निघाली आणि त्या गल्लीत कमानी दाट होत्या.

मत्स्य खात्याचे साहेब आले त्या दिवशी वारा सुटला होता. नाव वर-खाली होत होती, त्यामुळे कागदावर तळाची रेघ करवतीच्या दातांसारखी आली. साहेबांनी भुवया उंचावल्या.

"धरणाचा तळ असा आहे?"

"नाही साहेब. नाव हलते आहे. तळ सपाट आहे."

"मग मासे कुठले आणि लाटा कुठल्या, हे कसं ओळखायचं?"

"आज ओळखता येणार नाही," मी सांगितलं. दुसरं काय सांगणार? राघूदादांनी माझ्याकडे बघितलं.

साहेब म्हणाले, "बरं. यंत्र राहू दे. जाळं बघू."

आदल्या संध्याकाळी त्या गल्लीत जाळं लावलेलं होतं. मारुतराव आणि दोघे-तिघे ओढायला लागले. सुरुवातीला हलकं आलं. मग दोर एकदम ताठ झाला. मारुतराव नुसते "आरं, आरं" म्हणत राहिले. पहिला कटला वर आला तो लहान मुलाएवढा. त्याच्या मागे दुसरा. मग आम्ही सगळेच ओढायला लागलो, साहेबसुद्धा, बाह्या सरसावून. जाळं कुठेच फाटलेलं नव्हतं. काठावर सोनाबाई हात कपाळाशी धरून बघत होत्या. राघूदादांनी एक मासा दोन्ही हातांनी उचलून त्यांना लांबूनच दाखवला.

जाताना साहेब मारुतरावांना म्हणाले, "ठेका तुमच्याकडेच राहील. ठेकेदाराला मी कळवतो." मारुतराव खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

निघताना सोनाबाईंनी भाकऱ्या आणि सुकवलेला मासा फडक्यात बांधून दिला. मी त्यांच्या आणि राघूदादांच्या पाया पडलो. राघूदादा संकोचले. "सायेब, पवायला शिका आता," म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात मी शिकलो.

पुण्यात लिमये साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चांगलं झालं." मग म्हणाले, "मी दोन रात्री झोपलो नाही." त्यांचेही आभार मानायचे राहून गेले. ते इथे मानतो.

पुढे नोकरीत मी कोकणात आणि इतर धरणांवर असे पुष्कळ ट्रान्सड्यूसर बसवले. कुठे बसवायचा ते कॅटलॉग सांगतो. नट किती आवळायचा ते लाकूड सांगतं. पण तळाला भोक पाडू द्यायचं की नाही ते मालक ठरवतो, आणि बहुतेक मालक नाही म्हणाले. मी त्यांना दोष देत नाही. माझी नाव असती, तर मीही नाहीच म्हटलं असतं.